बेसूर तेवढा माझा

माझ्या कपाटात तीन सूट आहेत. एक कॉफीच्या रंगाचा, एक आकाशी, एक वाइनच्या रंगाचा. तिन्हींच्या खिशावर वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांची नावं भरतकामात आहेत आणि तिन्हींची शिलाई माझ्याच मानधनातून कापली गेली. मांतारो नदीच्या खोऱ्यात सॅक्सोफोनवर जगायचं तर एका ऑर्केस्ट्रावर भागत नाही. ज्या गावात संताचा सण असेल तिथे जो बोलावेल त्याचा सूट अंगात चढवायचा. मागच्या वर्षी एका सणात मी आकाशी सूटवाल्यांत कॉफी रंगाचा घालून उभी राहिले, तर यजमानीणबाईंनी मला वाढपी समजून ताटं उचलायला लावली. मी उचलली. ताटं उचलणाऱ्याला जेवण लवकर मिळतं, हे मला त्या दिवशी कळलं.

माझं नाव लुसमिला यावरी. भौतिकशास्त्राची पदवी राजधानीतून, लिमातून घेतली आणि ऑल्टो सॅक्सोफोन वाजवायला वांकायोला परत आले. ऑर्केस्ट्रात सगळे मला इंजिनियरबाई म्हणतात. भौतिकशास्त्र म्हणजे इंजिनियरिंग नव्हे, असं मी सुरुवातीला समजावून सांगत असे. त्यावर ते मन लावून ऐकत आणि म्हणत, "बरं, इंजिनियरबाई."

सणांच्या मधल्या दिवसांत मी मिळेल ते करते. दहावीच्या मुलांना गणित शिकवते. अंत्ययात्रांत वाजवते. कोंबडी भाजून विकणाऱ्या एका हॉटेलासाठी मी रेडिओवरची जाहिरात केली, त्यात ऑल्टो मी, टेनर मी आणि कोंबडीही मीच. सॅक्सोफोन हप्त्यांवर घेतलेला आहे. हप्ता चुकला तर दुकानदार फोन करत नाही. सणात येतो, पहिल्या रांगेत उभा राहतो आणि माझ्याकडे न बघता सॅक्सोफोनकडे बघत राहतो. सुरुवातीला मला वाटलं, माणूस रसिक आहे.

या सगळ्यात माझं स्वतःचं असं एकच काम होतं. ते एका पहाटे सुरू झालं.

हुआनकानी गावाच्या चौकात आम्ही नाचणाऱ्यांची वाट बघत उभे होतो. जमिनीवर दव गोठलेलं. माझा सॅक्सोफोन मी पाताश्काच्या, म्हणजे मका-मटणाच्या सुपाच्या मोठ्या पातेल्याजवळ ठेवला होता, वाफेनं तो छान गरम झाला होता. माझा जोडीदार निल्तोन, दुसरा ऑल्टो, त्याचा रात्रभर बाहेर भिंतीला टेकून पडलेला. आम्ही सूर जुळवायला एकच स्वर धरला आणि हवा हलायला लागली. थंड वाद्याचा स्वर किंचित खाली येतो, गरम वाद्याचा किंचित वर जातो, आणि दोन स्वर असे अगदी जवळ आले की आवाज एका लयीत फुगतो आणि बसतो. पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. परीक्षेत मी यावर गणितं सोडवली होती, पूर्ण गुण मिळवले होते. पण ते बरगड्यांत जाणवतं, हे पुस्तकात कुठेच नव्हतं. निल्तोनचा सॅक्सोफोन हळूहळू गरम होत गेला तसे ते हेलकावे लांबत गेले, मंदावले, आणि एका क्षणी हवा पूर्ण स्थिर झाली.

"जुळला," निल्तोन म्हणाला.

"थांब," मी म्हणाले. "परत थंड कर."

"वेडी आहेस का? सूप संपतंय तिकडे."

त्यातून माझी रचना झाली. चार सॅक्सोफोनांसाठी. नाव ठेवलं 'पहाट'. सुरुवातीला एक चाल, मग चाल थांबते आणि दोन सॅक्सोफोन एकाच स्वराच्या आजूबाजूला उभे राहून एकमेकांकडे सरकतात, हेलकावे मंदावत जाऊन थांबतात, आणि मग चाल परत येते. माझ्या दृष्टीनं सगळा जीव त्या मधल्या भागात होता. पुढची-मागची चाल मी एका दुपारी लिहिली. चित्राला चौकट लागते म्हणून लिहिली.

लिमातल्या एका संस्थेच्या स्पर्धेला मी 'पहाट' पाठवली. बक्षीस एवढं होतं की सॅक्सोफोन माझा झाला असता आणि वर वर्षभर तरी सणांना नाही म्हणता आलं असतं. आणि रचना लिमाच्या सभागृहात वाजली असती, खाली माझं नाव छापलेलं. अट एकच होती: रचना त्याआधी कुठेही जाहीरपणे वाजलेली नसावी. ही अट मला अजिबात अवघड वाटली नाही. माझी रचना वाजवायला कोण बसलं होतं?

जानेवारीत शेवटच्या फेरीसाठी निवड झाल्याचं कळलं आणि महिनाअखेर पक्की प्रत पाठवायला सांगितलं. मला एक शंका होती. मधल्या भागात दोघांना फार लांब श्वास धरावा लागत होता. कागदावर जमत होतं. फुप्फुसाला जमतं का ते बघायचं होतं. त्यासाठी चार सॅक्सोफोनवाले एका खोलीत हवेत, आणि बाकी तिघांना बोलावून पैसे देण्याची माझी ऐपत नव्हती. पण वीस जानेवारीच्या सणात आम्ही चौघे आयतेच एका खोलीत असणार होतो, यजमानाच्या खर्चानं.

सण हाउहाजवळच्या एका गावात. ऑर्केस्ट्रा वाइनच्या रंगाचा, म्हणजे डॉन तेओफिलो कामारेनांचा. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. नाचणाऱ्यांच्या मंडळाचे त्या वर्षीचे यजमान होते डॉन फोर्तुनातो ओरिवेला, तीन ट्रकांचे मालक. आमचा मुक्काम गावच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात होता. भिंतीवर फळांची चित्रं होती आणि बाकं इतकी बुटकी की मास्तर बसले की गुडघे कानाला लागत.

आदल्या दुपारी मास्तरांचं डोकं फिरलेलं होतं. यजमान चौकात प्रवेश करतो तेव्हा त्याच्यासाठी कोरी चाल वाजली पाहिजे, असा आमच्याकडे रिवाज आहे. मागच्या वर्षीची वाजवली तर यजमानाला वाटतं, मागच्या वर्षीचं उष्टं वाढलं. मास्तरांनी चाल केली होती. पण त्याच्याही आदल्या संध्याकाळी समोरच्या मंडळाच्या ऑर्केस्ट्रानं तीच चाल वाजवून दाखवली, कारण आमचा एक क्लॅरिनेटवाला त्यांच्याकडेही वाजवतो. आमच्या धंद्यात सूट बदलतात, कान तेच राहतात.

"त्याच्यासमोर मी चालताना गुणगुणलो फक्त," मास्तर म्हणत होते. "गुणगुणलो! तेवढ्यात उचललीन!"

"तुम्ही गेल्या वर्षी त्यांची उचलली होती," हार्प वाजवणारे डॉन एराक्लिओ कोपऱ्यातून म्हणाले. ते आमच्यात सगळ्यांत म्हातारे. कोकाची पानं गालात धरून बोलतात, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य थोडं विचारपूर्वक वाटतं.

"ती उचलली नव्हती, काका. ती मला आवडली होती."

मास्तर सूप आणायला गेले तेव्हा मी कागद वाटले. निल्तोन सोडून बाकी दोघांना नोटेशन धड वाचता येत नव्हतं, म्हणून चाल मी वाजवून दाखवली. दुसऱ्यांदा वाजवली तोवर त्यांची पाठ झाली होती, आणि वर्गात पसरलेल्या बाकीच्या ऑर्केस्ट्राचीही. आमच्याकडची माणसं अशीच शिकतात: दोनदा ऐकलं की ते आपलं. मग आम्ही मधला भाग केला. निल्तोननं वाद्य खिडकीबाहेर धरून थंड केलं. श्वास पुरला. हवा हलली, मंदावली, थांबली. मी इतकी खूश झाले की दारात मास्तर सुपाचा वाडगा घेऊन उभे आहेत हे मला दिसलं, पण त्याचा अर्थ कळला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात एकाच वेळी पाच मंडळं नाचत होती, पाच ऑर्केस्ट्रा एकमेकांवर वाजत होते. डॉन फोर्तुनातो मखमली झग्यात, बायकोचा हात धरून कोपऱ्यावर येऊन थांबले. मास्तरांनी हात वर केला. मी ओठांना वाद्य लावलं आणि वाट बघत राहिले, आता मागच्या वर्षीचीच वाजवणार म्हणून.

हात खाली आला आणि माझी चाल सुरू झाली.

निल्तोननं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. आम्हा दोघांना सोडून बाकीच्यांना मास्तरांनी आधीच सांगून ठेवलं असणार. हार्प तिच्याखाली अशी चालत होती जणू जन्मापासून ओळख आहे. व्हायोलिनवाल्यांनी दुसऱ्या ओळीत एक मुरकी घातली, ती मला सुचली नव्हती आणि सुचायला हवी होती. मी वाजवणं थांबवायला हवं होतं. पण माझ्या जागी भोक पडलं असतं, आणि शिवाय ते फार चांगलं वाजत होतं. मी चालीच्या दोन आवाजांखाली तिसरा आवाज धरला. तिथल्या तिथे रचून.

नाचणाऱ्यांतले मुखवटेवाले आमच्यापाशी येऊन उड्या मारायला लागले. ते चिरक्या आवाजात बोलतात, म्हणजे मुखवट्याआड कोण आहे ते कळू नये.

"ए वाइनच्या बाटल्यांनो!" एक किंचाळला. "आज कुणाचं चोरलंत?"

"अरे, ही पोरगी रडतेय का वाजवतेय?" दुसरा मला निरखत म्हणाला. "नवरा पळाला वाटतं हिचा!"

"नवरा नाही, चाल पळाली," निल्तोन ओठांच्या फटीतून म्हणाला.

डॉन फोर्तुनातोंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चाल आठ वेळा परत वाजवायला लावली आणि बिअरचे खोके पाठवले.

संध्याकाळी मी मास्तरांना शाळेच्या नळाशी गाठलं.

"मास्तर, ती माझी रचना होती."

"हो तर! फक्कड आहे. कळलं का तुला, यजमान रडला."

"ती कुणी वाजवायची नव्हती. स्पर्धेची अट आहे."

"मग तू कशाला वाजवलीस?"

मी नळ बंद केला.

"आणि हे बघ पोरी," मास्तर आवाज खाली आणून म्हणाले, "मधला तो बेसूर भाग मी काढून टाकला. तिथे तुम्ही दोघं सूर सोडत होतात. कुणाला बोलणार नाही मी. तुझी लाज राखली."

मी स्वतःची समजूत घातली की लिमातली माणसं या गावात येत नाहीत. एका चौकात, चार इतर ऑर्केस्ट्रांच्या गोंगाटात, प्यायलेल्या माणसांसमोर वाजलं, ते कसलं जाहीर? हे धरत नाहीत. पक्की प्रत मी पाठवून दिली.

पण फोन सगळ्यांकडे होते. फेब्रुवारीत कार्निव्हलला ती चाल तीन ऑर्केस्ट्रांनी वाजवली. मार्चमध्ये ती मला भाजीबाजारात स्पीकरवरून ऐकू आली, तिला तोवर शब्दही आले होते, कुणातरी बेइमान बाईबद्दल. तिचं नाव पडलं 'डॉन फोर्तुनातोची'. आकाशी सूटवाल्यांनी मला ती शिकवली. "तुझी बोटं बरी चालतात या चालीवर," त्यांचे मास्तर म्हणाले. "पण दुसरी ओळ चुकतेस. मूळ अशी नाही."

एप्रिलच्या शेवटी लिमातून फोन आला. बोलणाऱ्या होत्या डॉक्टर इरिगोयेन, स्पर्धेच्या सचिव. आवाज फार सौम्य.

"लुसमिला, परीक्षकांना तुमची रचना फार आवडली. पण एक अडचण आहे. आमच्या परीक्षकांत एक प्राध्यापक आहेत, तुमच्या खोऱ्यातल्या लोकसंगीतावरच त्यांचं काम आहे. त्यांनी चाल ओळखली. ती पारंपरिक आहे."

"पारंपरिक?"

"फार जुनी आहे म्हणतात. त्यांनी मार्चमध्ये एका वृद्ध हार्पवादकाची मुलाखत रेकॉर्ड केलीय. ते सांगतात, त्यांचे आजोबा यावर नाचायचे."

आमच्या खोऱ्यात हार्पवादक पुष्कळ आहेत. पण मी नाव विचारलं नाही.

"डॉक्टर, ती चाल मी मागच्या वर्षी लिहिलीय."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवते," त्या म्हणाल्या, आणि पुढे जे बोलल्या ते मी नंतर पुनःपुन्हा तपासून बघितलं; त्यात तर्काची चूक सापडली नाही. चाल माझी असेल, तर ती खोऱ्यात सगळीकडे वाजून झालेली आहे, म्हणजे मी स्पर्धेतून बाद. चाल माझी नसेल, तर माझी रचना म्हणजे लोकधुनेची मांडणी, आणि मांडणीचा वेगळा विभाग आहे, तिथे जुनी चाल चालते. तिथे पहिलं बक्षीस मलाच मिळण्यासारखं आहे. पूर्ण बक्षीस. फक्त एका कागदावर सही करायची: चाल पारंपरिक, कर्ता अज्ञात, मांडणी लुसमिला यावरी.

"एका आठवड्यात कळवाल?"

मी तडक डॉन एराक्लिओंकडे गेले. ते अंगणात हार्पच्या तारा बदलत होते.

"काका, लिमाचे प्राध्यापक आले होते?"

"आले होते. सज्जन माणूस. बिअर त्याची होती."

"त्यांना काय सांगितलंत?"

"जे विचारलं ते. ही चाल जुनी का? म्हटलं, जुनी. किती जुनी? म्हटलं, आजोबा नाचायचे." त्यांनी पानं दुसऱ्या गालात घेतली. "दोन बाटल्या शिल्लक होत्या, लुसमिला. उत्तरं आधी संपवून कसं चालेल?"

"काका, ती चाल माझी आहे. तुम्ही खोलीत होतात, मी वाजवून दाखवली तेव्हा!"

"होतो ना." त्यांनी डोळे बारीक केले. "पण खरं सांगू? वाजवायला लागलो तेव्हा मला वाटलं, ही आपल्याला येते. आता माझे आजोबा डोळ्यांसमोर आणले तर यावरच नाचताना दिसतात. त्याला मी काय करू?"

मी पायरीवर बसले. त्यांनी माझ्यापुढे उकडलेला मका सरकवला.

"मी येतो लिमाला," ते म्हणाले. "सांगतो, मी खोटं बोललो म्हणून. टोपी काढून सांगतो."

"सांगितलंत तर चाल माझी ठरेल."

"मग झालं तर!"

"माझी ठरली की मी बाद."

त्यांनी नवी तार ओढून बघितली. "आणि खोटं तसंच ठेवलं तर?"

"तर बक्षीस. पण नाव नाही."

"हे लिमावाले," डॉन एराक्लिओ हळहळून म्हणाले, "पितात कमी, त्यामुळे होतं हे."

निल्तोनचं मत सरळ होतं. त्याला दोन मुलं आहेत आणि चार सूट. "सही कर. अज्ञात म्हणजे कोण? तूच की. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पैसे घे, वाद्य सोडव, आणि पुढची रचना कुणाला ऐकवू नकोस. मलासुद्धा."

सही करायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. कागद भरला होता. 'कर्ता' या शब्दापुढे 'अज्ञात' लिहिताना अक्षर मात्र फार सुंदर आलं, तेवढं मला खटकलं.

तीन मे रोजी क्रुसाचा सण होता, डोंगरावरच्या एका वाडीत. कॉफीच्या रंगाचा सूट. क्रूस फुलांनी सजवून खाली आणला आणि यजमानीण म्हणाली, "ती जुनी वाजवा, डॉन फोर्तुनातोची." आम्ही वाजवली. एक डोळा सवयीनं पहिल्या रांगेकडे होता. तिथे दुकानदार सॅक्सोफोनकडे बघत उभा होता. पहिला भाग संपला आणि सगळे जण थेट शेवटच्या भागात गेले, जसे नेहमी जातात. मी मात्र त्या दिवशी एक क्षण मागे राहिले. थंड हवेत माझा तो एक स्वर, शेजारच्याच्या स्वराला घासून जरासा हलला. शेजारच्यानं चमकून वाद्याचं तोंड तपासलं आणि माझ्याकडे रागानं बघितलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मधला भाग कुणीच वाजवलेला नव्हता. मास्तरांनी तो चूक समजून काढला होता आणि तिथून पुढे ज्यांनी ज्यांनी चाल उचलली त्यांनी तो भाग नसलेलीच उचलली. बाजारातल्या स्पीकरवर तो नव्हता. मूळ कसं आहे ते मला शिकवणाऱ्यांकडे नव्हता. डॉन एराक्लिओंच्या आजोबांनाही तो माहीत नव्हता.

मी वाद्य गळ्यात तसंच ठेवून पाण्याच्या टाकीमागे गेले आणि डॉक्टर इरिगोयेनना फोन लावला.

"डॉक्टर, रचनेतून चाल काढून टाकली तर चालेल का? नुसता मधला भाग. जो तुमच्याकडे आधीपासून आहे, त्यातलाच."

"काढली तर उरतं काय?"

"जे अजून कुणी वाजवलं नाही ते."

मागून बँडचा आवाज त्यांना ऐकू जात असणार. चाल चौथ्यांदा चालू होती.

"छोट्या रचनांचा विभाग आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "बक्षीस निम्मं. पण लुसमिला, तुम्ही नीट विचार केलाय ना? लोकांना आवडली ती चाल होती."

"हो," मी म्हणाले. "म्हणून तर."

परीक्षकांनी छोट्या विभागात पहिलं बक्षीस दिलं. प्राध्यापकांच्या शेऱ्यात होतं की परंपरेच्या आधारातून मुक्त झाल्यावर रचनाकाराचा स्वतःचा आवाज प्रथमच ऐकू आला. निम्म्या बक्षिसात सॅक्सोफोनचे हप्ते फिटले. दुकानदार त्यानंतरही सणाला आला, पहिल्या रांगेत उभा राहिला, आणि या वेळी संगीत ऐकत होता. फार कंटाळलेला दिसत होता. सणांना नाही म्हणण्याइतकं मात्र काही उरलं नाही.

ऑगस्टमध्ये एका रविवारी सकाळी लिमात कार्यक्रम झाला. आदल्या दिवशीच्या तालमीत चौघे वादक काळ्या कपड्यांत, वाद्यांना सूर मोजायचं यंत्र चिकटवलेलं. त्यांचा पहिला वादक, रेनातो नावाचा हुशार मुलगा, वाजवता वाजवता आपोआप सूर जुळवून टाकत होता.

"जुळवू नका," मी म्हणाले.

"मॅडम, कानाला सहन होत नाही."

"अजून थोडं सहन करा. मग हळूहळू या."

"लोकांना वाटेल आम्हाला वाजवता येत नाही."

शेवटी असं ठरलं की हे मुद्दाम आहे, असं कार्यक्रमपत्रिकेत छापायचं. छापलं. माझ्या नावाखाली, कंसात.

आमचा वाइनच्या रंगाचा ऑर्केस्ट्रा त्या रविवारी लिमातच होता, कारण तिथे राहणाऱ्या हाउहाकरांच्या क्लबात दुपारी त्यांचा सण होता. मास्तर, डॉन एराक्लिओ आणि निल्तोन सूट घालूनच सभागृहात आले आणि शेवटच्या रांगेत बसले. दिवे मंदावले. रेनातो आणि त्याच्या जोडीदारानं स्वर धरला. सभागृह लहान होतं, हवा दमट होती, आणि तरी ती हलली. माझ्या बरगड्यांत कळलं. हेलकावे लांबत गेले, मंदावले, आणि जिथे थांबायला हवे होते तिथे थांबले. माझ्या शेजारच्या बाईंनी श्वास सोडला. टाळ्या पडल्या, सभ्य आणि मोजक्या. माझं नाव बरोबर उच्चारलं गेलं.

बाहेर फुटपाथवर मास्तरांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"अभिनंदन, इंजिनियरबाई. सभागृह काय, खुर्च्या काय! फक्त एक विचारू? सूर तर त्यांनी छान जुळवले. मग वाजवलं का नाही?"

"ते वाजवणंच होतं, मास्तर," निल्तोन म्हणाला.

"असं होय." मास्तरांनी आदरानं मान हलवली. "मला वाटलं पैशांवरून काही बिनसलं."

डॉन एराक्लिओ मात्र काहीतरी आठवत असल्यासारखे उभे होते. "हे मी कुठेतरी ऐकलंय," ते म्हणाले. "पहाटेचं. थंडीत." मी घाईघाईनं त्यांचा दंड धरून टॅक्सीत बसवलं.

दुपारी क्लबाच्या पत्र्याच्या छपराखाली मी माझ्या जागी उभी राहिले. निवेदकानं माइकवरून सांगितलं, "आता आपल्या आजोबा-पणजोबांची चाल, डॉन फोर्तुनातोची!" आणि पाच-सहाशे माणसं एका पावलावर आली. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून नाचत होत्या. मी तिसरा आवाज वाजवत होते, जो मी जानेवारीत चौकात उभ्या उभ्या रचला होता आणि जो आता खोऱ्यातले सगळे तिसरे सॅक्सोफोन वाजवतात. आवाज चांगला लागला. वाद्य माझं होतं.

मधल्या सुट्टीत मास्तर बिअरचा पेला घेऊन जवळ आले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "पोरी, डिसेंबरचा एक यजमान आहे. पेट्रोल पंपवाला. त्याला कोरं काहीतरी हवंय, कुठेच न ऐकलेलं. ते सकाळचं तुझं... हलणारं. त्याच्यावर थोडी हार्प टाकली तर?"

"ते कोरं नाही, मास्तर. आज सकाळीच वाजलं."

"लिमात ना?" त्यांनी पेला माझ्यापुढे केला. "ते धरत नाहीत गं."

मी पेला घेतला. "एका अटीवर. वाजवायच्या आधी माइकवरून माझं नाव सांगायचं."

मास्तरांना मनापासून वाईट वाटलं. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून त्यांनी आधी निल्तोनकडे बघितलं, मग छपराकडे.

"सांगू की," ते म्हणाले. "पहिल्या वेळी नक्की सांगू. पण पुढे ते जुनं झाल्यावर कसं सांगणार?"